शेरिफ : नांव एक, अधिकार अनेक

शाळेंत असतांना ‘शेरिफ म्हणजे नगरपाल’ एवढाच अर्थ मी फळ्यावर लिहीत असें. एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, मुंबईचा नगरपाल तर नुसता मानकरी, मग रॉबिन हूडच्या गोष्टींतला शेरिफ एवढा जुलमी कसा?” तेव्हां मला उत्तर सुचलें नाहीं, पुढें तें इतिहासांत सांपडलें.

जुन्या इंग्लंडांत ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी. जमीनदाराच्या गांवचा रीव्ह बहुधा कुळांपैकींच एक असे व शेतकामावर देखरेख करी. परगण्याला ‘शायर’ म्हणत. त्या शायरचा रीव्ह तो शेरिफ. राजाचा वसूल, न्यायसभा, गुन्हेगारांची धरपकड, सारें त्याच्याच हातीं; मग जुलूम व्हावयाचाच. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेंत, शेरिफानें राजाच्या अखत्यारींतील खटले चालवूं नयेत, असें कलम घालावें लागलें.

पुढें वाटा फुटल्या. इंग्लंडांत शेरिफ बिनपगारी मानकरी उरला, स्कॉटलंडांत न्यायाधीश झाला, तर अमेरिकेंत बहुतेक ठिकाणीं लोकांनीं निवडून दिलेला फौजदार.

आपल्याकडेही देशमुखी गेली, आडनांव राहिलें. त्या मुलाला आज मी इतकेंच सांगेन : पदाचें नांव वाचून थांबूं नये, त्या देशीं, त्या काळीं त्याच्या हातीं काय होतें, तें पाहावें.