रिकामी पुंगळी वापरून घरी काडतूस बनवता येतं का?

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर 2024 मधील हत्येनंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची राज्यभर चर्चा झाली. पण बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस बनवायची मुभा नव्हे.

अमेरिकेत हौशी नेमबाज रायफलची रिकामी पितळी पुंगळी साच्यात दाबून तिचं तोंड लहान करतात. .308 च्या पुंगळीतून .243 चं काडतूस होतं. मात्र तोंडाजवळचं पितळ जाड होतं, त्यामुळे दाब धोकादायक वाढू शकतो. बुडावरचा शिक्काही जुनाच राहतो, म्हणून चुकीच्या रायफलमध्ये भरण्याची भीती.

भारतात शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 नुसार काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान 7 वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.