६१७४ : कापरेकरांचा स्थिरांक



आपल्या मुलांना इथल्या शाळेत किंवा गणिताच्या क्लबमध्ये ६१७४ ही संख्या कधीतरी भेटते. तिच्यामागचे नाव मुले 'कॅप्रेकार' असे वाचतात, आणि ते आपल्या देवळालीच्या मास्तरांचे आहे हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून ही थोडी माहिती.

शोध कोणाचा?
दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ मध्ये त्यांना रँगलर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर पदवी नव्हती, त्यामुळे भारतातील बऱ्याच गणितज्ञांनी त्यांचे काम मनावर घेतले नाही. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला. जगभर नाव झाले ते मात्र मार्च १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा. कापरेकर १९८६ मध्ये वारले.

कृती
कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

यापुढे ६१७४ च येत राहते. सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लिहायला विसरू नका (९९९ म्हणजे ०९९९).

असे का होते?
अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड मानले तर वजाबाकी ९९९ × (अ−ड) + ९० × (ब−क) इतकी येते. म्हणजे उत्तर नेहमी ९ च्या पटीत असते आणि फक्त या दोन फरकांवर ठरते. त्यामुळे शक्यता मोजक्याच उरतात आणि त्या सगळ्या ६१७४ कडे जातात. तीन अंकांसाठी असाच स्थिरांक ४९५ आहे. दोन अंकांना स्थिरांक नाही. तिथे ९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते.

६१७४ चे इतर गुणधर्म
• अवयव : २ × ३² × ७³, एकूण विभाजक २४.
• १८³ + १८² + १८ = ६१७४.
• हर्षद संख्या : अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३. 'हर्षद' हे नावही कापरेकरांचेच.
• देवळाली (स्वयंभू) संख्या नाही, कारण तिला जनक आहे : ६१५६ + (६+१+५+६) = ६१७४.
• 'कापरेकर संख्या' सुद्धा नाही! तो प्रकार वेगळा : ४५² = २०२५, आणि २० + २५ = ४५.

आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना १००० ते ९९९९ मधली प्रत्येक संख्या तपासायला दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. मास्तरांनी मात्र हे कागद-पेन्सिलीवर शोधले. या शनिवारी मुलांना संगणकापासून दूर बसवा, घराच्या नंबरापासून सुरुवात करू द्या, आणि नाव 'कापरेकर' असेच म्हणायला शिकवा.