सोंगाड्याचा पक्ष कोणता?

विनोद कोणत्या पक्षाचा, डाव्यांचा की उजव्यांचा, असा वाद अधूनमधून निघतो. आमच्या मते त्याचा निवाडा तमाशाच्या बोर्डावर लवकर होतो. नांदगावकरांना जत्रेतला तमाशा सांगायला नको. वगातला राजा हुकूम सोडतो आणि सोंगाड्या त्याचा भलताच अर्थ लावून राजाला उघडा पाडतो. कष्टकऱ्याला जे धन्यासमोर बोलता येत नाही, ते सोंगाड्या त्याच्या वतीने बोलतो. हसले की भीती सैल होते. म्हणूनच चळवळींनी हे हत्यार उचलले.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्याच्या जलशांनी भटजी-सावकारांची सोंगे आणली. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गाजवला. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊंनी गणातले वंदन गणपतीऐवजी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना केले. थट्टा मात्र ठेवली. पु. ल. देशपांड्यांनी राष्ट्र सेवा दलासाठी 'पुढारी पाहिजे' लिहिले. १९६५ साली वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' आले आणि दादा कोंडक्यांनी त्यात राज्यकर्त्यांची भरपूर टिंगल केली.

एवढ्यावरून विनोद डावाच, असे कोणी म्हणेल. पण सेवा दलात वावरलेले हेच दादा पुढे शिवसेनेच्या व्यासपीठावर गेले. त्या पक्षाचे मूळच व्यंगचित्रांच्या साप्ताहिकात आहे. बाळ ठाकरे यांचे 'मार्मिक' ऑगस्ट १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते प्रकाशित झाले. १९६६ च्या जूनमध्ये शिवसेना निघाली. 'मार्मिक'ने पुढाऱ्यांना फटकारे मारले, तसेच कंपन्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्याही छापल्या. मराठी तरुणाची बेकारी खरी होती, त्याचा संतापही खरा होता. पण घोषणेतली थट्टा अखेर लुंगीवर आली, आणि तिचा मार उडप्याच्या हॉटेलात राबणाऱ्या गरिबालाही बसला. नोकऱ्या देणारा मालक त्या हशातून सुखरूप सुटला!

कामगार संघटनेत आयुष्य घालवल्यावर आम्ही एवढेच शिकलो. गेटवरच्या सभेत साहेबाची नक्कल केली की माणसे एकमेकांजवळ सरकतात. शेजारच्या यंत्रावरच्या परमुलखातल्या गड्याची नक्कल केली तरी माणसे हसतात, कदाचित जास्तच हसतात. पण संपाच्या दिवशी तो गडी आपल्या रांगेत दिसत नाही.

तेव्हा श्रोतेहो, सोंगाड्याला पक्ष विचारू नका. हसून झाल्यावर स्वतःलाच विचारा: या हशाने कोणाची भीती कमी झाली, आणि कोणाची वाढली?