छीट आणि चिठोरे

अर्धवट राहिलेलं शिवणकाम कुठल्या घरात नसतं? आपल्याकडे ते ट्रंकेच्या तळाशी सापडतं, इथे इंग्लंडमध्ये माळ्यावरच्या खोक्यात. घरच्या बाईला त्याची टोचणी लागलेली असते, पण इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र अशी वस्तू मिळाली की आनंद होतो. त्याचं कारण मोठं गमतीदार आहे.

ठिगळकामाची इथली एक जुनी रीत अशी: आधी कागदाचे षटकोन कापायचे, प्रत्येकावर कापड दुमडून कच्चे टाके घालायचे, मग कडेला कड लावून बारीक टाक्यांनी तुकडे जोडायचे. जोडणी पुरी झाली की कागद काढायचे, मागे मऊ थर आणि अस्तर लावून तिन्ही एकत्र शिवायचं. काम मध्येच थांबलं तर कागद जागच्या जागी राहतात. पूर्वी कागद महाग. त्यामुळे जुनी पत्रं, हिशेबाची पानं, वर्तमानपत्रं, जे हाती येईल ते कापलं जाई. पुरी झालेली क्विल्ट समोरून बघायची. अर्धवट राहिलेली मागून वाचायची! इथल्या ‘क्विल्टर्स गिल्ड’ या संस्थेकडे १७१८ हा आकडा शिवलेली एक रेशमी ठिगळांची चादर आहे. तिच्या आतले कागद अजून तसेच आहेत.

त्याच काळात भारतातल्या छापील सुती कापडाने इंग्रजांना वेड लावलं होतं. कोरोमंडल किनाऱ्यावरून आणि गुजरातेतून ते येई. आपण ज्याला छीट म्हणतो, त्याच कुळातला इंग्रजी शब्द ‘चिंट्झ’. लोकरीचे आणि रेशमाचे विणकर खवळले. १७०० मध्ये आयातीवर निर्बंध आले, पण छापील कापडाचा वापर थांबेना. मग १७२१ च्या कायद्याने असं बहुतेक कापड अंगावर घालायला आणि घरात वापरायलाही मनाई केली. अंमल कधीपासून? २५ डिसेंबर १७२२, ऐन नाताळचा दिवस! ही बंदी १७७४ मध्ये उठली. तरीही जपून ठेवलेले छिटीचे तुकडे जुन्या ठिगळकामात दिसतात.

हे सगळं वाचायची गरज मला एका नाताळच्या भिंतपडद्यामुळे पडली. आमच्या शेजारच्या आजींनी पहिल्या नातवाच्या नाताळासाठी तो शिवायला घेतला होता. लाल-हिरव्या षटकोनांचं झाड, वर पिवळी चांदणी. तो नातू आज तिशी ओलांडून गेलाय. आजी गेल्यावर आजोबांनी तो माझ्या हाती दिला, “तुला येतं ना?” म्हणाले. उलटून पाहिलं तर मागे सगळे कागद. एकावर दूधवाल्यासाठी चिठ्ठी, दुसऱ्यावर बहिणीच्या पत्रातल्या अर्ध्या ओळी, काही जुनी नाताळची कार्डं. आजोबा बराच वेळ ते अक्षर बघत बसले.

आता पंचाईत. पडदा पुरा करायचा तर कागद काढायला हवेत, आणि कागद काढले तर आजींचं अक्षर त्यातून जाणार. अभ्यासकाला विचारलं तर तो म्हणेल, हात लावू नका. आजोबांना विचारलं, तर म्हणाले, “तिने तो भिंतीसाठी शिवला, खोक्यासाठी नाही.”

मग आधी मागच्या बाजूचा फोटो घेतला. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने क्रमांक घातला आणि मगच कच्चे टाके उसवले. थर लावला, अस्तर घातलं, धावदोरा मात्र आपल्या गोधडीचाच, थोडा ठसठशीत. आजींचे टाके कुठे संपले आणि माझे कुठे सुरू झाले ते कळावं, हाच हेतू. कडेने लाल गोट लावला. मागे एक खिसा शिवून सगळे कागद त्यात ठेवले.

आपल्या गोधडीत कागद नसतात. तिथे कापड हाच दस्तऐवज: आईचं नऊवारी, आजोबांचं धोतर, कुणाच्या तरी बारशाचं झबलं. पण ते ओळखणारी माणसं आहेत तोवरच ते वाचता येतं. म्हणून मंडळी, पुढच्या भारतभेटीत गोधडी उलगडून बसा. कोणता तुकडा कुणाचा ते विचारा. नावं, गाव आणि साल सुती पट्टीवर न जाणाऱ्या शाईने लिहा आणि ती पट्टी गोधडीच्या पाठीला शिवून टाका.