रोबोट बाजूला झाल्यावर

मागच्या महिन्यात मामाकडे गेलो होतो. चहा व्हायच्या आत त्याने शर्ट वर केला आणि बेंबीजवळचा फुगवटा दाखवला. आवळ्याएवढा. खोकला की बाहेर, आडवा झाला की गायब. सव्वा वर्षापूर्वी त्याची प्रोस्टेट रोबोटने काढली होती, मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात. "अरे, एवढे पैसे घातले, मशीनने केलं, तरी हर्निया? तू कॉम्प्युटरवाला ना, सांग!"

आता काय सांगणार, कप्पाळ! पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून दोन वीकेंड वाचण्यात घातले. (मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. त्यामुळे मंडळी, याला सल्ला समजू नका.)

पोटाची कातडी बरी झाली म्हणजे पोट बरं झालं असं नसतं. खरा जोर आतल्या स्नायूंवरच्या चिवट पडद्यात असतो. त्याला पडलेलं भोक नीट बुजलं नाही, की आतली चरबी किंवा आतडं तिथून डोकावतं. हाच हर्निया, शुद्ध मराठीत अंतर्गळ.

दुर्बिणीने पोटात बघायची कल्पना बरीच जुनी आहे. जर्मनीत केलिंगने 1901 मध्ये कुत्र्याच्या पोटात बघितलं, स्वीडनच्या याकोबेयसने 1910 मध्ये माणसाच्या. पुढे कित्येक वर्षं हे तंत्र मुख्यतः स्त्रीरोगवाल्यांकडे राहिलं, आणि दुर्बिणीच्या भोकातून झालेल्या हर्नियाची पहिली नोंद म्हणून जिचा दाखला देतात तीही त्यांचीच, 1968 ची. म्हणजे मामाची तक्रार रोबोटपेक्षा बरीच जुनी!

1985 मध्ये एरिख म्यूहे नावाच्या जर्मन सर्जनने दुर्बिणीने पित्ताशय काढलं. त्याच्याच देशातल्या सर्जनांनी त्याची टर उडवली आणि 1992 मध्ये त्यांच्याच संघटनेने त्याचा सत्कार केला. असो. नव्वदीत ही शस्त्रक्रिया जगभर पसरली आणि भोकांचे हर्नियाही वाढले. यात एक प्रकार फार वाईट. आतड्याची फक्त एक कड भोकात अडकते. वाट पूर्ण बंद होत नाही, म्हणून सुरुवातीला संशयही येत नाही, आणि तेवढ्यात अडकलेली कड मरायला लागते. याला रिश्टरचा हर्निया म्हणतात. हा रिश्टर अठराव्या शतकातला, त्याला कुठली दुर्बीण माहीत असणार?

यातून एक ढोबळ नियम ठरला. 10 मिलिमीटर किंवा मोठं भोक असेल तर आतला पडदा शिवायचा, 5 चं असेल तर मोठ्या माणसात सोडून द्यायचं. मग 2000 मध्ये अमेरिकेत दा विंची रोबोटला परवानगी मिळाली, आणि त्याच्या हत्यारांची नळी निघाली 8 मिलिमीटरची. बरोब्बर अधलीमधली! बहुतेक ठिकाणी ही भोकं न शिवता सोडली जात, आणि बहुतेक वेळा काही होतही नसे. पण 2008 मध्ये अशाच 8 मिलिमीटरच्या भोकातून आतडं बाहेर आल्याची केस छापून आली.

इथे आपल्या आवडीचा भाग येतो. रोबोटचा हात एका ठरलेल्या बिंदूभोवती फिरतो, आणि तो बिंदू पोटाच्या भिंतीत यावा म्हणून नळीवर खूण असते. नळी कमी-जास्त आत गेली, तर हात फिरताना भिंतीवर तरफेसारखा जोर येतो आणि भोक ताणलं जातं. सर्जन बसलेला असतो लांब कन्सोलवर. या रोबोटच्या 2024 च्या नव्या मॉडेलपर्यंत त्याच्या बोटांना जोर जाणवायची सोयच नव्हती.

पण मामाची भानगड वेगळी आहे. कापलेली प्रोस्टेट बाहेर काढायला 8 किंवा 12 मिलिमीटर पुरत नाहीत. ती पिशवीत घालतात आणि बेंबीजवळचं कॅमेऱ्याचं भोक चिरून मोठं करतात. आयतं भोक आहे, तेच वाढवा! (आपणही जुन्या फंक्शनमध्ये आणखी एक इफ घुसवतो तसंच.) फानेनश्टीलने 1900 मध्ये सांगितलेली ओटीपोटावरची आडवी चीर घेतली तर हर्निया कमी होतात, पण तिथे नवीन कापावं लागतं.

आणि ही चीर शिवताना रोबोट केव्हाच बाजूला झालेला असतो. सुई, दोरा आणि माणसाचा हात, बस्स. जेन्किन्स नावाच्या सर्जनने 1976 मध्ये याचं चक्क गणित मांडलं. पोट फुगलं की जखम 30 टक्क्यांपर्यंत लांबते, म्हणून दोरा जखमेच्या निदान चौपट लांब हवा, नाहीतर तोच पडद्याला कापत जातो. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या 560 रुग्णांचा अभ्यास आला. उभी मोठी चीर असलेल्यांत मोठे टाके घातले तर वर्षभरात 21 टक्के हर्निया, बारीक आणि जवळजवळ घातले तर 13 टक्के. शिवायला वेळ लागला साधारण चार मिनिटं जास्त. रोबोटची चीर त्यापेक्षा लहान असते, तिला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दिवसभराच्या ऑपरेशननंतर शेवटची चार मिनिटं कोणाच्या वाट्याला येतात, हे रिलीजच्या रात्री टेस्टिंग करणाऱ्याला विचारा.

हे सगळं मामाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी तीन हॉस्पिटलांत मशीन कुठलं ते विचारत फिरलो, आणि शिवणार कोण ते एकदाही विचारलं नाही."

आता जाळी बसवायची आहे. पुढच्या मंगळवारी सर्जनला भेटायचंय, मी बरोबर जाणार आहे. मामाने प्रश्न वहीत लिहून ठेवलेत.