उपाशी शहरातला चहा

बोरिस कुस्तोदियेवच्या ‘चहा पिणारी व्यापाऱ्याची बायको’ या तैलचित्रावर साल आहे १९१८. १२० सेंटिमीटर लांबीरुंदीचा हा कॅनव्हास आज सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. भरल्या अंगाची, गोरीपान बाई जांभळट रेशमी पोशाखात बसली आहे. बोटांच्या टोकांवर तिने चहाची बशी तोलून धरली आहे. समोर लखलखता समोवार, कापलेलं लालबुंद कलिंगड, द्राक्षं, पाव. मांजर तिच्या खांद्याला अंग घासतंय. मागे डावीकडे, शेजारच्या घराच्या सज्जात, आणखी एक व्यापारी कुटुंब चहाच घेत बसलंय.

त्या साली पेत्रोग्रादमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, अशी मेज कोणाकडे होती? वर्षाच्या सुरुवातीला पावाचं रेशन माणशी दिवसाला जेमतेम पन्नास ग्रॅमवर आलं होतं. उन्हाळ्यात वर्गवार शिधापत्रिका निघाल्या आणि एकेकाळच्या व्यापारी-मालकांची रवानगी सगळ्यात खालच्या वर्गात झाली. खुद्द चित्रकार १९१६ मधल्या मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर चाकांच्या खुर्चीला खिळलेला होता. व्वेदेन्स्काया रस्त्यावरच्या सात नंबरच्या इमारतीतलं बिऱ्हाड हेच त्याचं जग झालं होतं.

चित्रातली बाई मात्र त्याला त्याच इमारतीत मिळाली. ती गालिना अदेरकास, त्याची शेजारीण. वैद्यकीची विद्यार्थिनी, उमरावी घराण्यातली, व्यापाऱ्याच्या घराशी काडीचा संबंध नसलेली. पण होती अस्त्राखानची, म्हणजे कुस्तोदियेवच्याच गावची. चेहरा तिचा घेतला. बाकीचा थाट बालपणातून आला. तो तान्हा असतानाच वडील वारले आणि आई मुलांना घेऊन एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या वाड्यात भाड्याने राहू लागली. त्या घरातली सुबत्ता आपण रोज डोळ्यांसमोर पाहिली, असं त्याने पुढे सांगून ठेवलं आहे. कलिंगडही व्होल्गाकाठच्या अस्त्राखानचीच नामांकित.

भुकेल्या माणसाने रंगवलेलं स्वप्न, असं या चित्राबद्दल सर्रास म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. १९१५ मध्ये, क्रांतीच्या आधी, त्याने ‘व्यापाऱ्याची बायको’ आणि ‘सुंदरी’ ही चित्रं काढली, तेव्हाही त्याची नायिका अशीच ऐसपैस होती. व्यापारीवर्गाची ही टिंगल आहे, हे मत तर मला मुळीच पटत नाही. टिंगल करणारा हात कलिंगडाच्या फोडीवर आणि समोवारच्या पितळेवर इतकी माया करत नाही. भुकेने त्या मेजेवरचे पदार्थ कदाचित वाढवले असतील; ती बाई मात्र आधीपासूनच त्याच्या मनात होती. १९२३ मध्ये बाजार पुन्हा उघडले होते, दुकानांत माल आला होता. त्या वर्षी त्याने चहा पिणारी व्यापाऱ्याची बायको पुन्हा एकदा रंगवली.