नसलेल्या चलांची गोष्ट

सुरुवातीला एक छोटा हिशोब करू. एक कारखाना वर्षभराचं नियोजन करतोय. कोणत्या महिन्यात बनवलेला माल कोणत्या महिन्यात विकायचा, हे त्याला ठरवायचं आहे. म्हणजे बनवण्याचा महिना आणि विकण्याचा महिना अशा प्रत्येक जोडीमागे एक चल, एक व्हेरिएबल. अशी किती चलं लागतील?

१२ गुणिले १२, म्हणजे १४४, असं उत्तर चटकन तोंडात येतं. पण मार्चमध्ये बनलेला माल त्याच वर्षीच्या जानेवारीत कसा विकणार? दुसरा महिना पहिल्याच्या आधी येऊच शकत नाही. त्यामुळे खरी चलं फक्त ७८. बनवणं, रंगवणं आणि विकणं अशा तीन पायऱ्या धरल्या, तर १,७२८ ऐवजी ३६४ उरतात. इथे एका इंडेक्सचा संच दुसऱ्या इंडेक्सवर अवलंबून आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ही गोष्ट संगणकाला नीट सांगता यावी म्हणून लोकांनी कित्येक वर्षं डोकं खपवलंय. आज तोच इतिहास सांगतो.

१९४७ साली जॉर्ज डँट्झिगनं सिम्प्लेक्स पद्धत मांडली. ती पारखायला घेतलेला सुरुवातीचा एक मोठा प्रश्न म्हणजे जॉर्ज स्टिगलरचा आहाराचा प्रश्न: ७७ पदार्थ, ९ पोषक घटक आणि कमीत कमी खर्च. नऊ जणांनी टेबलावरची गणकयंत्रं घेऊन हा प्रश्न सोडवला. एकूण श्रम १२० मनुष्यदिवस! तिथे चलांची यादी सरळ होती. एक पदार्थ, एक चल. अवलंबून वगैरे काही नव्हतंच.

पुढे संगणक आले, प्रश्न मोठे झाले. १९५७ साली हॅरी मार्कोविट्झनं (हो, पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला तोच) दाखवलं की अशा प्रश्नांच्या कोष्टकात बहुतेक जागी शून्यच असतात आणि हिशोबात त्याचा फायदा घेता येतो. म्हणजे यंत्राच्या बाजूनं शून्यं टाळण्याची विद्या लवकर आली. माणसाच्या बाजूनं मात्र हाल होते. मॉडेल एमपीएस नावाच्या साच्यात द्यावं लागे. त्यात प्रत्येक चलाचं नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचं आणि ठरलेल्या रकान्यातच. अशा हजारो ओळी हातानं लिहिणं शक्य नाही, म्हणून त्या छापणारे वेगळे प्रोग्रॅम लिहिले जात. कोणतं चल आहे आणि कोणतं नाही, हे त्या प्रोग्रॅमच्या लूपमध्ये कुठेतरी पुरलेलं असे. लिहिणारा नोकरी सोडून गेला की मॉडेल वाचणारं कोणी उरत नसे.

१९७० च्या दशकात जागतिक बँकेत अलेक्झांडर मीराउस आणि योहानेस बिस्खॉप यांनी यावर उपाय म्हणून गॅम्स या भाषेचं काम सुरू केलं. कागदावर जसं बीजगणित लिहितो, तसंच संगणकाला द्यायचं. गॅम्समध्ये चल सहसा पूर्ण संचांवर जाहीर होतं आणि समीकरणात डॉलरचं चिन्ह टाकून अट घालता येते: एवढ्याच जोड्या घे. जे चल कुठल्याच समीकरणात येत नाही, ते सॉल्व्हरपर्यंत पोचतच नाही.

सोय मोठी, पण इथे एक खड्डा आहे. गॅम्समध्ये न दिलेली आकडेवारी शून्य धरली जाते. समजा दोन गावांमध्ये रस्ताच नाही, म्हणून तुम्ही त्याचा खर्च लिहिला नाही, आणि समीकरणांत अट घालायलाही विसरलात. आता सॉल्व्हरला काय दिसतं? फुकटचा रस्ता! तो आनंदानं सगळा माल तिकडून पाठवतो. उत्तर येतं, एररही दिसत नाही, आणि खर्च मात्र झकास कमी झालेला असतो.

१९८० च्या दशकात बेल लॅब्समध्ये रॉबर्ट फोरर, डेव्हिड गे आणि ब्रायन कर्निहॅन यांनी ॲम्पल घडवली. (कर्निहॅन म्हणजे सी भाषेवरच्या त्या प्रसिद्ध पुस्तकाचे सहलेखक.) त्यांच्या पुस्तकातल्या पोलाद कारखान्याच्या उदाहरणात प्रत्येक उत्पादनाची बाजारपेठ वेगळी आहे: पट्ट्या पूर्व आणि उत्तर भागात विकल्या जातात, तर गुंडाळ्या पूर्व, पश्चिम आणि निर्यातीसाठी. तिथे विक्रीचं चल जाहीर करतानाच सांगता येतं की आधी उत्पादन घे आणि मग त्या उत्पादनाचीच बाजारपेठ घे. पट्ट्यांच्या निर्यातीचं चल जन्मालाच येत नाही. चुकून वापरलंत तर ॲम्पल तिथेच अडवते.

अलीकडचा टप्पा म्हणजे ज्युलिया भाषेतलं जंप. एमआयटीत पीएचडी करणाऱ्या माइल्स ल्युबिन, इयन डनिंग आणि जोई हशेट यांनी ते सुरू केलं. (आमच्या जमातीची मुलं, म्हणून मला विशेष कौतुक.) जंपमध्ये दुसऱ्या इंडेक्सची सुरुवात पहिल्यापासून करा म्हटलं, की फक्त खऱ्या जोड्याच तयार होतात. हेच काम शेवटी अट जोडूनही होतं, पण मग जंप आधी सगळ्या जोड्या फिरून प्रत्येकीला अट लावून बघतं. १०० किमतींचे तीन चढते इंडेक्स घेतले, तर खरी चलं १,७१,७०० आणि फेऱ्या मात्र १० लाख. उत्तर तेच, वाट बघणं जास्त.

तेव्हा पुढच्या वेळी मॉडेल लिहाल, तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारा: हे चल शून्य आहे, की ते नाहीच? पाठवता येत असूनही काही पाठवलं नाही, हा सॉल्व्हरचा निर्णय. रस्ताच नाही, ही जगाबद्दलची माहिती. ती तुम्हीच द्यायची. आणि ती शक्यतो चल जाहीर करतानाच, एकाच जागी द्या. दहा समीकरणांत दहा वेळा अट लिहायची म्हटली, तर अकरावं समीकरण आलं की ती हमखास विसरते.